दिवाळखोरीच्या काळात मन कसं सांभाळायचं: पहिल्या आठवड्यापासून कर्जमुक्तीच्या आदेशानंतरपर्यंत

दिवाळखोरीचा अर्ज करायचं ठरलं की घरातल्या सगळ्यांचं लक्ष कागदांकडे लागतं. वकील, बँकेचे उतारे, घेणेकऱ्यांची यादी, प्रतिज्ञापत्र. ज्याच्या नावाने हे सगळं चाललेलं असतं त्याला रात्री झोप लागते का, हे कोणी विचारत नाही आणि तोही आपणहून सांगत नाही. "एकदा हे प्रकरण मिटू दे, मग डॉक्टरकडे जाऊ," असं ठरून जातं.

प्रकरण मात्र लवकर मिटत नाही. अमेरिकेत 'चॅप्टर ७' खालचं, म्हणजे हप्ते न बांधता कर्ज मिटवायचं, साधं प्रकरण साधारण ४ महिन्यांत संपतं, पण 'चॅप्टर १३' या दुसऱ्या मार्गाने गेलं तर ३ ते ५ वर्षं हप्ते फेडावे लागतात. इंग्लंडमध्ये दिवाळखोरीतून सुटका सहसा आदेशानंतर १२ महिन्यांनी होते. एवढा काळ मन काही थांबून राहत नाही. शिवाय घाबरलेल्या, न झोपलेल्या माणसाच्या हातून होणाऱ्या चुका प्रकरणातच येऊन बसतात: तारीख विसरते, एखादं खातं सांगायचं राहतं, कोणाला तरी घाईघाईने पैसे दिले जातात. कर्जात अडकलेल्या लोकांबरोबर कागद लावायला मी बसत आले आहे आणि माझं मत आता पक्कं आहे. मनाचा उपचार आणि कागदांचं काम एकाच आठवड्यात सुरू करायचं. एकासाठी दुसरं अडवून ठेवायचं नाही.

आधी जीव

मरणाचे विचार येत असतील तर बाकीचा लेख नंतर वाचा. आत्ता कोणाला तरी फोन करा. भारतात टेली-मानस या सरकारी मानसिक मदतीच्या हेल्पलाइनचा क्रमांक १४४१६ आहे. तो २४ तास चालू असतो, पैसे पडत नाहीत आणि मराठीत बोलता येतं. अमेरिकेत ९८८ आणि ब्रिटनमध्ये ११६ १२३ हे क्रमांक आहेत. दुसरीकडे राहत असाल तर तिथला आपत्कालीन क्रमांक लावा किंवा जवळच्या रुग्णालयाच्या तातडीच्या विभागात जा.

कर्जबाजारी माणसाच्या डोक्यात या विचाराचं एक ठरावीक रूप असतं. "मी नसलो तर घर सुटेल, विम्याचे पैसे येतील, सगळ्यांची ब्याद टळेल." ऐकायला हा हिशेब वाटतो, पण तो आजार मांडत असतो. दिवाळखोरीचा कायदा मुळात झालाच आहे तो माणूस जिवंत असताना त्याचं कर्ज संपवण्यासाठी. त्यासाठी कोणाला मरावं लागत नाही. हा विचार मनात आला असेल तर तो याच शब्दांत डॉक्टरांना सांगा. "जरा टेन्शन आहे" एवढंच सांगितलंत, तर समोरच्याला धोका कळत नाही.

पोलिसांच्या भीतीने कित्येक जण मदत मागत नाहीत. भारतात २०१७ च्या मानसिक आरोग्य सेवा कायद्याचं कलम ११५ सांगतं की आत्महत्येचा प्रयत्न करणारी व्यक्ती तीव्र तणावाखाली होती असंच धरून चालायचं, उलट सिद्ध होईपर्यंत तिला शिक्षा करायची नाही, आणि तिच्यावर उपचार करायची जबाबदारी सरकारची आहे.

विचार सध्या नसले, तरी एक कागद लिहून ठेवा. बार्बरा स्टॅन्ली आणि ग्रेगरी ब्राउन या मानसशास्त्रज्ञांनी तयार केलेली सुरक्षा योजना जगभर वापरली जाते आणि ती एका पानात मावते. वाईट वेळ येत असल्याच्या माझ्या खुणा कोणत्या? एकट्याने काय केलं की लक्ष दुसरीकडे जातं? कोणाजवळ जाऊन बसलं की बरं वाटतं? मदत कोणाकडे मागता येईल? कोणत्या डॉक्टरांना, कोणत्या क्रमांकावर फोन करायचा? आणि घरातल्या कोणत्या धोकादायक वस्तू दुसऱ्या कोणाच्या ताब्यात द्यायच्या? हे शेवटचं काम आजच करा, कारण टोकाची इच्छा बऱ्याचदा थोडाच वेळ टिकते. त्या वेळात हाताशी काही नसणं, यानेच जीव वाचतात.

"माझं डोकंच चालत नाही"

हे वाक्य मी फार ऐकते. कालपर्यंत धंदा चालवणाऱ्या माणसाला साधा अर्ज भरता येत नाही, मग तो स्वतःला मूर्ख ठरवतो. २०१३ साली 'सायन्स' या नियतकालिकात आनंदी मणी, सेंधिल मुल्लैनाथन, एल्डार शाफिर आणि जियायिंग झाओ यांचा एक अभ्यास आला होता. त्यांनी तमिळनाडूतल्या ऊस पिकवणाऱ्या शेतकऱ्यांना तोडणीआधी, हातात पैसा नसताना, आणि तोडणीनंतर, पैसा आल्यावर, विचारशक्तीच्या त्याच त्या चाचण्या दिल्या. माणसं तीच होती, पण तंगीच्या दिवसांत त्यांना कमी गुण मिळाले. पैशाची चिंता डोक्यात इतकी जागा अडवते की बाकीच्या कामाला ती उरत नाही.

तेव्हा बुद्धी कुठे गेलेली नाही, ती अडकून पडली आहे. म्हणून हे काही महिने लक्षात ठेवण्यावर काहीच सोपवू नका. एक वही करा. तारखा, फोनवर कोण काय बोललं, वकिलाने काय मागितलं, सगळं तीत लिहा. महत्त्वाची सही सकाळी करा, आणि करण्याआधी दुसऱ्या कोणाला तरी तो कागद वाचायला लावा. रात्री दहानंतर पैशाचा एकही निर्णय घ्यायचा नाही. मोबाईलवरच्या ॲपमधून झटपट कर्ज याच वेळी काढलं जातं, आणि "तुमचं सगळं कर्ज अर्ध्यावर आणून देतो, आधी फी भरा" म्हणणाऱ्यालाही याच वेळी होकार जातो.

एका माणसाला सगळं सांगा

दहा जणांना थोडंथोडं सांगू नका. एकालाच पूर्ण सांगा, आकड्यासकट. नवरा-बायकोपैकी एकाला काहीच माहीत नसेल, तर ते कळायचंच आहे. नोटीस घरच्या पत्त्यावर येते. ती दुसऱ्याच्या हाती पडण्याआधी तुमच्या तोंडून कळलेलं कधीही चांगलं.

शब्द सुचत नसतील तर एवढं म्हणा: "माझ्यावर इतकं कर्ज आहे. ते फेडता येणार नाही. मी कायद्याच्या मार्गाने जायचं ठरवतोय. मला झोप लागत नाही आणि मला भीती वाटते. तुझ्याकडे पैसे मागत नाहीये." शेवटचं वाक्य विसरू नका. त्याने समोरचा माणूस सावध होण्याऐवजी ऐकायला लागतो.

न उघडलेली पाकिटं

जवळपास प्रत्येक घरात ती असतात. एखाद्या खणात, फ्रीजवर, गाडीच्या डिकीत, कपड्यांखाली. एका छापखान्याच्या मालकाने ती पिठाच्या रिकाम्या डब्यात ठेवली होती. झाकण लावलं की दिसायची नाहीत. डबा भरला तशी त्यांची भूक गेली. ते दिवसभर घरातच असायचे, पण डबा होता त्या खोलीत जायचे नाहीत.

आम्ही ती अशी उघडली. पहिल्या दिवशी एकही पाकीट फोडलं नाही, पाठवणाऱ्याच्या नावाप्रमाणे फक्त गठ्ठे केले. वीस मिनिटांत काम झालं. दुसऱ्या दिवशी प्रत्येक गठ्ठ्यातलं सगळ्यात नवं पत्र तेवढं उघडलं, कारण त्याच बँकेची जुनी पत्रं बहुतेक वेळा तेच सांगत असतात. पाकीट मी फोडायचे आणि तीनच गोष्टी मोठ्याने वाचायचे: कोणाचं, किती, कधीपर्यंत. ते वहीत उतरवायचे. धमकीची भाषा मी वाचतच नव्हते. न्यायालयाचं काही असलं तर ते वेगळ्या फाईलला, आणि त्याच दिवशी वकिलाकडे. आठवडा संपला तेव्हा डबा रिकामा होता आणि यादी दीड पानाची झाली होती. कर्जाचा आकडा काही कमी झाला नव्हता, पण त्या रात्री ते जेवले.

हे एकट्याने करू नका, आणि एका बैठकीत संपवायचा हट्ट धरू नका. वीस-पंचवीस मिनिटांचा गजर लावा. तो वाजला की हातातला कागद तिथेच ठेवून उठा. थोडा वेळ चालून या.

वसुलीचे फोन

वारंवार वाजणाऱ्या फोनने शरीराला सतत धोक्याची सवय लागते. काही दिवसांनी नुसती रिंगटोन ऐकूनही छाती धडधडते. त्यावर पहिला उपाय म्हणजे रिंगटोन बदला, आणि अनोळखी क्रमांक आवाज न करता येतील अशी सोय करा. एक वाक्य लिहून फोनजवळ ठेवा: "मी कायदेशीर सल्ला घेत आहे, पुढचं सगळं लेखी पाठवा." एवढं बोला आणि फोन ठेवा. वाद घालू नका, आणि फोनवर कोणतंही वचन देऊ नका.

नियम तुमच्या बाजूने आहेत, ते माहीत असू द्या. रिझर्व्ह बँकेने ऑगस्ट २०२२ मध्ये स्पष्ट केलं आहे की थकबाकीच्या वसुलीसाठी सकाळी ८ च्या आधी आणि संध्याकाळी ७ नंतर फोन करता येत नाही. शिवीगाळ, धमकी, नातेवाइकांना त्रास देणं, हेही चालत नाही. अशा फोनची तारीख आणि वेळ वहीत लिहा. वकिलाला ती नोंद उपयोगी पडते.

अर्ज दाखल झाला की चित्र पालटतं. अमेरिकेत अर्ज देताक्षणी वसुलीला आपोआप स्थगिती मिळते. भारतात २०१६ च्या नादारी आणि दिवाळखोरी संहितेतही अर्ज केल्यापासून अंतरिम स्थगितीची तरतूद केली होती, मात्र व्यक्तींसाठीचा तो भाग कंपनीच्या कर्जाला वैयक्तिक हमी देणाऱ्यांनाच १ डिसेंबर २०१९ पासून लागू झाला. बाकीच्यांसाठी १९०९ आणि १९२० चे जुने कायदे आहेत. तुम्हाला कोणता लागू होतो हे पहिल्याच भेटीत वकिलाला विचारा, आणि "फोन कोणत्या दिवसापासून थांबतील?" हेही. त्या तारखेवर वहीत खूण करा. वाट पाहायला एक ठरलेला दिवस असला, की रोजचा दिवस काढणं जमतं.

वकिलाला आजार सांगायचा का?

सांगायचा. लोक हे लपवतात. "मला वेडा समजतील, माझा अर्ज फेटाळतील," अशी भीती असते. उदासीनता किंवा चिंतेचा आजार आहे म्हणून कर्जमुक्ती नाकारली जात नाही. उलट न सांगण्याने नुकसान होतं. कागद वेळेवर न देणारा माणूस बेफिकीर समजला जातो. तोच आजारी आहे हे डॉक्टरांच्या पत्रासह समोर आलं, तर मुदत वाढवून मागता येते. इंग्लंड आणि वेल्समध्ये तर मे २०२१ पासून कर्जदारांना ६० दिवसांची उसंत मिळते, आणि मानसिक आजाराच्या गंभीर अवस्थेत उपचार घेणाऱ्यांना ती उपचार चालू असेपर्यंत आणि त्यापुढे ३० दिवस मिळते. त्या काळात घेणेकऱ्यांना वसुली थांबवावी लागते.

डॉक्टरांकडून पत्र घेताना आजाराचा सगळा इतिहास लिहून मागायची गरज नाही. उपचार कधीपासून चालू आहेत, आणि त्याचा कागद वाचण्यावर, तारखेला हजर राहण्यावर काय परिणाम होतो, एवढं पुरतं. घरखर्चाच्या तक्त्यात औषधं, समुपदेशन, दवाखान्यात जाण्या-येण्याचा खर्च जरूर लिहा. लाजेपोटी लोक तो रकाना रिकामा ठेवतात आणि मग पहिल्यांदा औषधंच बंद होतात.

अपराधीपणाच्या भरात होणारे व्यवहार

मनाची अवस्था आणि कायदा यांची सगळ्यात वाईट गाठ इथे पडते, म्हणून जरा थांबून वाचा.

दिवाळखोरीत निघालेल्या माणसाला बँकेपेक्षा मेहुण्याकडून घेतलेले पैसे जास्त टोचतात. बँक अनोळखी असते, मेहुणा दर सणाला समोर येतो. मग अर्ज करण्याआधी हाती असेल ते त्याला देऊन टाकायची इच्छा होते. दिल्यावर त्या रात्री झोपही लागते. पण कायदा याला एका घेणेकऱ्याला झुकतं माप देणं समजतो. अर्जाआधीच्या ठरावीक काळातले असे व्यवहार तपासले जातात आणि रद्द होऊ शकतात. नातेवाइकांच्या बाबतीत हा काळ अमेरिकेत १ वर्ष आणि इंग्लंडमध्ये २ वर्षं आहे. म्हणजे ज्या मेहुण्याची अब्रू राखायला गेलात त्यालाच पैसे परत करण्याची नोटीस जाते. नातं तर बिघडतंच, वर तुमच्या प्रामाणिकपणावर प्रश्न उभा राहतो.

भीतीपोटी बायकोच्या किंवा भावाच्या नावावर घर करून देणं, दागिने कोणाकडे तरी ठेवायला देणं, एखादं खातं यादीत न दाखवणं, यांचंही तसंच. मालमत्ता लपवली तर कर्जमुक्ती नाकारली जाऊ शकते, आणि अनेक देशांत तो गुन्हा आहे.

तेव्हा अशी ऊर्मी आली की तिला दोन दिवस थांबवा आणि वकिलाला एकच प्रश्न विचारा: "हे दिलं तर चालेल का?" आधीच देऊन झालं असेल तर तेही सांगा. वकिलाला वेळेवर कळलेली गोष्ट बहुतेक वेळा सांभाळता येते. नातेवाइकाला द्यायचे शब्द मात्र आजही देता येतात: "तुमचे पैसे मी विसरलेलो नाही. आत्ता दिले तर तुम्हीच अडचणीत याल, म्हणून कायद्याप्रमाणे तुमचं नाव यादीत घातलं आहे."

डॉक्टरकडे केव्हा

दोन आठवडे जवळजवळ रोज मन उदास असेल, कशातच रस वाटत नसेल, झोप-भूक बिघडली असेल, तर आता आपोआप बरं होण्याची वाट पाहू नका. 'पीएचक्यू-९' नावाची नऊ प्रश्नांची चाचणी मराठीतही आहे. मागच्या दोन आठवड्यांबद्दल प्रत्येक प्रश्नाला ० ते ३ गुण द्यायचे असतात. बेरीज १० किंवा त्याहून जास्त आली तर डॉक्टरांना दाखवा. नववा प्रश्न मरणाच्या विचारांबद्दल आहे. त्याला शून्याहून जास्त गुण असतील तर बेरीज कितीही येवो, लगेच जा. सुरुवात तुमच्या नेहमीच्या डॉक्टरांपासून केली तरी चालते.

नैराश्यावरची औषधं डोकेदुखीच्या गोळीसारखी तासाभरात काम करत नाहीत. फरक जाणवायला साधारण २ ते ६ आठवडे लागतात. म्हणूनच उपचार सुनावणीच्या आदल्या दिवशी नव्हे, आज सुरू करायचे. बरं वाटलं म्हणून किंवा पैसे नाहीत म्हणून औषध एकाएकी सोडू नका. पैशाची अडचण असेल तर डॉक्टरांना तसं सांगा, स्वस्त पर्याय बहुतेकदा असतो.

कर्ज ज्या काळात वाढलं तो काळही डॉक्टरांना सांगा. झोपेची गरजच वाटत नव्हती, अंगात प्रचंड उत्साह होता, एकामागून एक खरेद्या आणि नवे धंदे चालले होते, असं असेल तर ते बायपोलर आजाराचं, म्हणजे मन कधी अतिउत्साही तर कधी अतिउदास होण्याच्या आजाराचं, लक्षण असू शकतं. त्याचे उपचार वेगळे असतात.

दारूबद्दल थोडक्यात: तिने झोप लागते, पण पहाटे तीनला मोडते आणि दुसऱ्या दिवशीची चिंता वाढते. रोज पीत असाल तर सोडण्याआधी डॉक्टरांशी बोला. एकदम थांबवणं धोक्याचं ठरू शकतं.

रात्र

अंथरुणात वीसेक मिनिटं जागे असाल तर उठा. दुसऱ्या खोलीत मंद दिव्यात बसा, झोप आली की परत या. उठायची वेळ मात्र रोज एकच ठेवा, रात्र कशीही गेलेली असो. फाईल आणि फोन झोपण्याच्या खोलीत नकोत.

चिंतेला दिवसातली वेळ नेमून द्यायची पद्धत थॉमस बोर्कोव्हेक आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८३ साली मांडली, आणि कर्जाच्या चिंतेला ती चांगली लागू पडते. रोज एकाच जागी, एकाच वेळी अर्धा तास चिंता करायला बसायचं, वही घेऊन. बाकीच्या वेळी विचार आला की "पाच वाजता" म्हणून दोन शब्द टिपायचे आणि हातातल्या कामाकडे वळायचं. पहिले काही दिवस जमत नाही. तरी चालू ठेवा.

तारखेचा दिवस

भीती सहसा प्रत्यक्ष प्रसंगापेक्षा मोठी असते. अमेरिकेतल्या 'चॅप्टर ७' प्रकरणात घेणेकऱ्यांची म्हणून जी बैठक होते, तिला न्यायाधीश नसतातच. प्रकरण पाहायला नेमलेले विश्वस्त शपथेवर प्रश्न विचारतात, बऱ्याचदा एकही घेणेकरी येत नाही, आणि काही मिनिटांत ती संपते. तुमच्याकडे काय होतं ते वकिलाला टप्प्याटप्प्याने विचारा: कुठे बसायचं, कोण बोलणार, साधारण किती वेळ. त्याच न्यायालयात दुसऱ्यांच्या सुनावण्या पाहायला परवानगी असेल तर एकदा जाऊन बसून या.

त्या दिवशी बरोबर कोणीतरी असू द्या. काहीतरी खाऊन निघा. प्रश्न समजला नाही तर "पुन्हा विचारा" म्हणा. आठवत नसेल तर "आत्ता आठवत नाही, कागद पाहून सांगतो" म्हणा. घाबरून अंदाजाने दिलेलं उत्तर नंतर खोटं ठरतं. श्वास अडकल्यासारखा वाटला तर श्वास सोडण्याचा वेळ घेण्यापेक्षा लांबवा, पाच-सहा वेळा. संध्याकाळी दुसरं काहीही काम ठेवू नका.

आदेश आल्यानंतर

याची सूचना लोकांना कोणी देत नाही. कर्जमुक्तीचा आदेश हातात येतो, घरचे म्हणतात "सुटलास बाबा", आणि त्याला काहीच वाटत नाही. किंवा उलट, महिनाभराने रडू यायला लागतं. इतके महिने शरीर लढत असतं, लढाई संपली की दुःखाला जागा मिळते. दुकान गेलं, घर गेलं, वडिलांचं नाव असलेली पाटी उतरली, याचं दुःख आता होतं. म्हणून औषधं आणि समुपदेशन आदेशाच्या तारखेला थांबवू नका. पुढच्या भेटीची वेळ आदेश येण्याआधीच घेऊन ठेवा.

आदेशाच्या चार प्रती काढा, एक मोबाईलमध्ये ठेवा. जुन्या कर्जाची मागणी पुन्हा कोणी केलीच, तर बोलत बसू नका. प्रत पाठवा आणि वकिलाला कळवा. सगळी कर्जं माफ होत नाहीत. पोटगी, काही कर आणि दंड बऱ्याच देशांत तसेच राहतात. तुमची कोणती राहिली ते लेखी घ्या, म्हणजे पुढचं पाकीट आलं की ते उघडायचं की नुसतं उत्तर द्यायला वकिलाकडे पाठवायचं, हे तुम्हाला आधीच ठाऊक असेल.